पिवळा निरोप

“धुरे सगळे मोकळे आहेत ना, भागवतराव?”

तालुक्याच्या हंगाम केंद्रातून नेवसे मॅडम विचारत होत्या. निरोप सोडायच्या आधी त्या दरवर्षी हेच विचारत. भागवत जायभाये निरोपाच्या खांबाखाली फोन कानाला लावून उभा होता, आणि त्याची नजर नको तिथं गेली होती. त्याच्या रानाच्या आणि धाकट्या भावाच्या, अंकुशच्या, रानाच्या मधे. तिथं धुरा, दोन रानांमधला मोकळा बांध, असायला हवा होता. होती ती गवताची एक रेघ, वहाणेच्या पट्ट्याएवढी. तिच्या अलीकडे सोयाबीन, पलीकडे सोयाबीन, आणि वर दोन्हीकडची पानं एकमेकांत गुंतलेली.

“भागवतराव, आवाज येतोय का?”

“येतोय ना. आहेत मोकळे.”

“तुमच्या भावाचं रान उशिराचं दाखवतंय इथं. शेंगा अजून दुधात आहेत. नकाशात तुमच्या दोघांच्या मधे चांगला रुंद धुरा आहे, त्याच्यावर मक्याच्या ओळी. तसंच आहे ना?”

“मका काढला सगळ्यांनीच. धुरा आहे.”

“मग सोडा. पाऊस यंदा परतीच्या वाटेवर घाईत आहे.”

भागवतनं पेटीवर अंगठा ठेवला. खांबाच्या टोकाला फुस्स झालं, आणि ओल्या पेंडीसारखा एक वास खाली उतरून पहिल्या तासातल्या, म्हणजे पहिल्या ओळीतल्या, पानांवर बसला. डोळ्यांना काहीच दिसलं नाही. दिसत नसतंच.

बोरखेडीत हे खांब आले त्याला फार वर्षं झाली नव्हती. त्याआधी आश्विन म्हणजे नुसती धावपळ असायची. एकाचं सोयाबीन वाळून शेंगा तडकायच्या, दुसऱ्याचं हिरवं असायचं. काढणीचं यंत्र एकासाठी यायचं आणि चौघांसाठी थांबायला तयार नसायचं. तेवढ्यात आभाळ भरून यायचं आणि उभ्या शेंगांतच दाण्यांना मोड फुटायचे. अंगणात वाळत टाकलेल्या मक्याच्या कणसांवर काळी बुरशी चढायची ती वेगळीच.

मग विद्यापीठातल्या माणसांनी झाडांचं बोलणं ऐकलं. दाणा भरला की सोयाबीनचं झाड आपल्याच पानांतलं सत्त्व ओढून दाण्याला देतं. पानं पिवळी पडतात, गळतात. हे सुरू होताना पानांतून एक अगदी हलका वास बाहेर पडतो, माणसाच्या नाकाला कळणारही नाही इतका. शेजारचं झाड तो ओळखतं आणि आपणही आवराआवर सुरू करतं. विद्यापीठानं असं वाण काढलं की त्याचं पान हा निरोप नुसता ऐकत नाही, तेवढ्याच जोरानं पुढं सांगतं. शिवाराच्या कडेला एका खांबातून चिमूटभर वास सोडला की पानाकडून पानाकडे, तासाकडून तासाकडे तो आपोआप चालत जातो. सारं शिवार एकदम पिकतं. यंत्रं येतात आणि पावसाच्या आत रान मोकळं करून जातात.

निरोप थांबतो कुठं? मोकळ्या जमिनीवर. पाच-सहा हात रिकामी जागा असली की वास विरून जातो. मधे मका असेल तर आणखी चांगलं, कारण मक्याला सोयाबीनची बोली कळत नाही. म्हणून ज्याचं पीक मागं आहे त्याच्या रानाभोवती धुरा राखायचा. एवढीच काय ती अट. कारण झाडाला निरोप नाकारता येत नाही. दाणा भरलेला असो की दुधात असो, निरोप आला की झाड पिवळं पडायला लागतं, आणि दुधातला दाणा सुकून त्याचं टरफल होतं.

अंकुशचं रान ओढ्याकाठी. आषाढात ओढा रानात शिरला, पहिली पेरणी वाहून गेली. त्यानं दुबार पेरलं, आणि दुबार पेरायला बियाणं मिळालं ते हेच, निरोप ऐकणारं. पीक छान आलं होतं, पण उशिरा.

आणि धुरा? आबा होते तेव्हा त्या धुऱ्यावरून बैलगाडी जायची. आबा गेले, वाटण्या झाल्या. पहिल्या वर्षी नांगर फिरवताना भागवतनं एक तास धुऱ्याकडे सरकवलं. पुढच्या वर्षी अंकुशनंही. कुणी काही बोललं नाही. दोघांनाही दिसत होतं आणि दोघंही शेतातून येताना मान खाली घालत होते. पुढं बोलणंच बंद झालं. भागवतची बायको शारदा, तिच्यामार्फत काय ते चालायचं. बांधावर दोघं समोरासमोर उभे, आणि अंकुश म्हणायचा, “वहिनी, दादाला सांगा, मोटार बंद करा म्हणून.” शारदा म्हणायची, “मी काय तार आहे का रे? तो बघ, हात लांबवला तर कानाला लागेल तुझ्या.”

नेवसे मॅडमना ‘धुरा नाही’ म्हणायचं, तर ‘कुणी खाल्ला’ हेही सांगावं लागलं असतं. सगळ्या गावाचा निरोप सोडणाऱ्या माणसानं.

*

गावात सप्ताह चालू होता. मारुतीच्या देवळासमोर मांडव, वर कळकाचे वासे, एका कोपऱ्यात चूल, आणि अखंड नाम. सप्ताहात वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. ज्याचा पहारा असेल त्यानं ती घेऊन देवापुढं उभं राहायचं, दुसरं कुणी येईपर्यंत. ताप आला तरी, घरी पाहुणे आले तरी.

संध्याकाळच्या कीर्तनाला श्रीपतबुवा उभे होते. वय झालेलं, पण आवाजात अजून धार. मृदंगावर भागवत होता.

“मंडळी,” बुवा म्हणाले, “आपण इतकी वर्षं सांगत आलो की नाम कानातून कानात जातं. कुणी हसलं, कुणी मान डोलावली, कुणी झोपलं.” त्यांनी पहिल्या रांगेतल्या दिनकरकडे पाहिलं. दिनकर दचकून सरळ बसला आणि मांडव हसला. “आता आपल्या रानातलं सोयाबीनसुद्धा कीर्तन करायला लागलं! एकानं सांगितलं की दुसरं ऐकतं, दुसऱ्यानं ऐकलं की तिसऱ्याला सांगतं. पण एक फरक आहे हो. आपला देव दारात उभा राहतो. तो वाट पाहतो. तुमचा दाणा भरला नसेल तर म्हणतो, बाळा, सावकाश. रानातल्या निरोपाला वाट पाहता येत नाही. ती वाट तुम्ही पाहायची आहे, माणसांनी.”

टाळ वाजले. भागवतचा हात एक मात्रा चुकला. बुवांनी मान वळवून पाहिलं आणि पुढचं पद धरलं.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची पंगत उठत होती तेव्हा भागवतच्या खिशातला फोन थरथरला. निरोप कुठवर पोचला ते नकाशात दिसतं. डोळ्यांना पिवळं दिसायच्या आधी पानांचं तेज बदलतं, ते वरून फिरणारं विमान टिपतं. नकाशावर गुलाबी रंग शिवारभर पसरत आला होता. अंकुशच्या रानाच्या सीमेवर एक जाड रेघ होती. तो नकाशातला धुरा.

गुलाबी रंग ती रेघ ओलांडून पलीकडे गेला होता.

भागवत हात न धुताच निघाला. शेतात पोचेपर्यंत त्याला वाटत होतं, फोनचीच चूक असेल. अंकुशच्या रानात तो पहिल्यांदाच शिरत होता, वाटणीनंतर. पहिल्या तासातलं एक पान त्यानं उलटं केलं. शिरा फिकट झाल्या होत्या. हे वाण तसंच केलेलं होतं, निरोप मिळाला की आधी शिरा फिक्या पडतात, माणसाला कळावं म्हणून. त्यानं आणखी आत जाऊन पाहिलं. फिकट. आणखी आत. तिथं मात्र शिरा गर्द हिरव्या होत्या. शेंग दाबली तर बोटाला दूध लागलं.

त्यानं तिथूनच फोन लावला.

“मॅडम, मधेच थांबवायचा असेल तर?”

“काय थांबवायचं?”

“निरोप. ओढ्याकाठच्या रानात शिरलाय.”

मग त्या म्हणाल्या, “तुम्ही धुरा आहे म्हणाला होतात.”

“नाही तो. नव्हताच.”

“भागवतराव, मी तुमच्या शब्दावर...” त्यांचा आवाज कोरडा झाला. “निरोपाच्या पुढं जाऊन कापावं लागेल. सहा हातांची पट्टी, रानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. कापलेलं तिथंच टाकू नका, झाडं लगेच उचलून बाहेर न्या. ऊन उतरायच्या आत झालं पाहिजे. संध्याकाळी हवा खाली बसते, मग तो जोरात पळतो. आणि पट्टी कुठं पाडायची ते तुम्ही ठरवायचं नाही. पट्टीच्या अलीकडचं सगळं जाणार आहे. ज्याचं जाणार त्याला विचारा.”

*

अंकुश वीणा घेऊन उभा होता. दुपारचा पहारा त्याचा होता. मांडवात चारदोन म्हातारी माणसं, भांडी घासणाऱ्या बायका, आणि खांबाला टेकून टाळ वाजवणारी निर्मलाकाकू. नामाचा सूर संथ चालला होता.

भागवत जवळ आला तसं अंकुशनं डोळे मिटून घेतले. नाम मात्र चालू होतं.

“अंकुश.”

इतक्या वर्षांनी थोरल्या भावानं नाव घेऊन हाक मारली होती. अंकुशनं डोळे उघडले.

“निरोप तुझ्या रानात गेला,” भागवत म्हणाला. “मॅडमनी विचारलं होतं, धुरा आहे का. मी आहे म्हणालो.”

अंकुशचं बोट तारेवर फिरत राहिलं. ओठ मात्र थांबले. निर्मलाकाकूनं ते पाहिलं आणि त्याच्या जागी स्वतः नाम उचललं.

“किती गेलं?” अंकुशनं विचारलं.

“रानातल्या जांभळीच्या झाडापर्यंत आलाय. पुढं हिरवं आहे. आत्ता पट्टी कापली तर उरलेलं वाचेल. कदाचित.”

“पट्टी कुठं कापायची?”

“तुझ्या रानात. जांभळीच्या पलीकडे.”

“म्हणजे धुरा आता माझ्या रानाच्या मधोमध येणार.” अंकुश हसला, पण ते हसू बघवत नव्हतं. “तुला एकेक तास सरकवायला एवढी वर्षं लागली, दादा. आज एका दुपारीत केलंस की.”

“तूही...” भागवत बोलायला गेला.

“हो. मीही.” अंकुशनं मान हलवली. “पण मला कुणी विचारलं नव्हतं. तुला विचारलं होतं.”

शारदा चुलीपाशी उभी राहून सगळं ऐकत होती. तिनं पदर खोचला. “भाऊजी, ऊन उतरेल.”

अंकुशनं एकदा देवाकडे पाहिलं. वीणा गळ्यातून काढली आणि भागवतच्या गळ्यात घातली. पट्टा नीट केला, तारेवर त्याचं बोट ठेवून दिलं, लहान मुलाला शिकवावं तसं.

“तू इथं उभा राहा. रानात येऊ नको.”

“अंकुश, मी कापतो ना. मला कापू दे.”

“कुणी घ्यायला आल्याशिवाय उतरवायची नाही,” अंकुश म्हणाला, आणि शारदेच्या मागोमाग निघून गेला.

*

थोड्या वेळानं देवळाच्या भोंग्यावरून शारदेचा आवाज आला. “ज्याच्या घरी विळा आहे त्यानं ओढ्याकाठी यावं. यंत्राची वाट पाहू नका, यंत्र यायला अजून अवकाश आहे. बायांनीही यावं. पोरांनी बैलगाड्या आणाव्यात.” 

अशी हाक गावात कधी ऐकू यायची, ते मांडवातल्या म्हाताऱ्यांनाच आठवत होतं. पूर्वी कुणाचं काम अडलं की सारं गाव त्याच्या रानात उतरायचं आणि संध्याकाळी त्याच्याकडे जेवायचं. निरोप आल्यापासून सगळ्यांचं एकदम पिकायला लागलं, आणि कुणाचंच काही अडेनासं झालं. कुणाचं रान कसं आहे हे पाहायला कुणी जात नव्हतं. नकाशात दिसतंच की.

पायांचे आवाज देवळावरून खाली गेले. कुणीतरी ओरडलं, “माझा विळा गंजलाय रे,” आणि दुसरा म्हणाला, “तू तरी कुठं कमी गंजलायस?” मग सगळं शांत झालं. स्वयंपाकाच्या बायका गेल्या, टाळकरी गेले. मांडवात राहिले श्रीपतबुवा, निर्मलाकाकू आणि वीणा गळ्यात घेतलेला भागवत.

त्याचा पहारा संपायची वेळ झाली, पण कुणी आलं नाही. पुढचा विणेकरी रानात होता. त्याच्या पुढचाही रानात होता. भागवतचे खांदे भरून आले. ओढ्याकडून आवाज येतोय का ते तो ऐकत होता, आणि ऐकू येत होतं ते फक्त स्वतःचं नाम.

निर्मलाकाकू एकटीच रान करणारी बाई. ती टाळ थांबवून घोटभर पाणी प्यायली. “भागवता, माझ्याकडचा निरोप कधी सोडणार रे?”

“वरच्या शिवाराचा उद्या, काकू.”

“माझ्या शेंगा कोवळ्या आहेत अजून. तुझ्या भावासारखीच मीही दुबार पेरलेली. पण माझा धुरा मोठा आहे ना. नकाशात आहे म्हणे.” तिनं परत टाळ उचलले. “मला काही रानाच्या त्या टोकापर्यंत चालवत नाही आता. तू बघतोस म्हणून बरंय.”

भागवतला तिचा धुरा ठाऊक होता. दिनकरच्या रानाला लागून होता. म्हणजे, लागून असायचा.

श्रीपतबुवा आसनावर बसल्या बसल्या त्याच्याकडे पाहत होते. “तार लागलीय बोटाला,” ते म्हणाले. भागवतनं पाहिलं, बोटातून रक्त आलं होतं. “बोट बदल. नाम सोडू नको.”

सूर्य देवळाच्या मागं गेला तेव्हा माणसं परतली. गुडघ्यापर्यंत चिखल, हातांना चिरडलेल्या पाल्याचा हिरवा वास. पुढच्या विणेकऱ्यानं हातपाय धुतले आणि वीणा भागवतच्या गळ्यातून उचलली.

शारदा त्याच्याजवळ आली. “जांभळीच्या पलीकडे पाडली पट्टी. सगळी झाडं गाड्यांतून बाहेर काढली.”

“अंकुश?”

“तिथंच बसलाय.” तिनं विळा त्याच्या हातात दिला. “आणि आपल्या बाजूचंही कापलं मी. जुन्या जागी. आबांची गाडी जायची तेवढं रुंद. निम्मं आपल्या रानातलं, निम्मं त्याच्या रानातलं. तुला विचारायला आले नाही. तुझ्या गळ्यात वीणा होती.”

विळ्याच्या पात्याला पाला चिकटला होता, तो भागवत काढत बसला.

*

सकाळी काल्याचं कीर्तन होतं. घराघरातून लाह्या, दही, पोहे, भाकरी येऊन एकाच हंड्यात पडत होत्या. त्याआधी, उजाडता उजाडता, भागवत ओढ्याकाठी गेला. मागून आणखी काही माणसं आली. त्यांनी कापलं होतं, त्यांना पाहायचं होतं. दिनकरही होता, विळा अजून कमरेला.

जुन्या धुऱ्याच्या जागी उघडी माती दिसत होती, ओलसर, काळी. तिच्या पलीकडचं अंकुशचं सोयाबीन जांभळीपर्यंत पिवळं पडू लागलं होतं. एवढं चांगलं वाढलेलं पीक, आणि शेंगा हातात घेतल्या तर नुसत्या चपट्या. त्यानंतर नवी पट्टी. पट्टीच्या कडेला अंकुश उकिडवा बसला होता. भागवत त्याच्या शेजारी बसला. अंकुशनं त्याला जा म्हटलं नाही.

“शिरा बघ,” अंकुश म्हणाला.

भागवतनं पहिल्या झाडाचं पान उलटलं. हिरवं. दुसऱ्याचं हिरवं. तिसऱ्या झाडाच्या एका पानाची मधली शीर जराशी फिकी वाटत होती. उन्हानं असेल. किंवा नसेल.

“आज संध्याकाळपर्यंत कळेल,” भागवत म्हणाला.

“हं.”

“गेलं तर माझ्या रानातलं...”

“ते नंतर.” अंकुशनं ते पान तोडलं नाही, नुसतं बोटांत धरून ठेवलं. “आधी हे कळू दे.”

फोन वाजला. नेवसे मॅडमचा आवाज रात्रभर झोप न झाल्यासारखा होता. “भागवतराव, वरच्या शिवाराचा निरोप आज सोडायचा आहे. पाऊस आठवड्याभरात इथं पोचतोय, आणि पिकायला-वाळायला तेवढे दिवस लागतातच. आज नाही सोडला तर वरचं सगळं शिवार भिजेल, हे तुम्हाला माहीत आहे. मी परत विचारते. आणि या वेळी नकाशातलं सांगू नका.”

भागवत उभा राहिला. मागं माणसं उभी होती. काल विळे घेऊन धावत आलेली हीच माणसं, आणि वरच्या शिवारात यांचीच रानं होती, भरलेल्या दाण्यांची, पावसाच्या तोंडावरची. दिनकर त्याच्याकडे रोखून पाहत होता आणि मान अगदी थोडी, नाही म्हणून हलवत होता. वर देवळाकडून टाळ ऐकू येत होते. त्यात निर्मलाकाकूचेही टाळ असणार.

“धुरे मोकळे आहेत का?”

“नाहीत,” भागवत म्हणाला. “कुणाचेच नाहीत.”

“भागवत!” दिनकर ओरडला. मागं गलका झाला. कुणीतरी म्हणालं, भावाचं वाचवायला सगळे आले, आता आमचं बुडवतो का?

“सोडू नका, मॅडम,” भागवत मोठ्यानं म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. “धुरे पाडून घेतो. मग सांगतो.”

“पावसाच्या आत होईल?”

“माहीत नाही.”

त्यानं फोन खिशात ठेवला. कुणी जागचं हललं नाही. पूर्वेकडे ओढ्याच्या वर ढगांची एक करडी कड दिसत होती.

अंकुश उठला. गुडघ्यांची माती झटकली, शेजारी पडलेला विळा उचलला आणि दिनकरसमोर जाऊन उभा राहिला.

“चल दिनकरभाऊ,” तो म्हणाला. “काकूचा धुरा कुठवर होता, ते तुलाच नीट ठाऊक आहे.”